मेफ्लॉवरवाल्यांकडे कागदपत्रं होती का?

अमेरिकेत निवडणूक असो की थँक्सगिव्हिंगचा सण, आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक चित्र हमखास येतं. किनाऱ्यावर उभे असलेले मूलनिवासी, समोरून होडीतून उतरणारे उंच टोप्यांचे गोरे, आणि खाली ओळ: ‘बेकायदा घुसखोरीची सुरुवात इथून झाली.’ न्यू जर्सीतला मावसभाऊ तणतणतो, ‘आम्ही बारा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत उभे आहोत, आम्हाला कोण विचारतं?’ पुण्याहून काका लिहितात, ‘म्हणूनच सांगतो, त्या लोकांनी सीमा राखली असती तर आज ही वेळ आली नसती.’ मग कुणीतरी गुलाबाच्या फुलासह सुप्रभात टाकतं आणि विषय तिथेच राहतो.

मला या तिघांशीही थोडं भांडायचं आहे. त्यासाठी आधी चित्रातला प्रश्न सरळ विचारू: त्या होडीतल्या लोकांकडे कागद होते का?

होते, पण भलत्याच जागेचे. १६२० च्या नोव्हेंबरात इंग्लंडहून निघालेलं मेफ्लॉवर जहाज आजच्या मॅसॅच्युसेट्समधल्या केप कॉडला लागलं तेव्हा त्यावर १०२ प्रवासी होते. त्यांच्याकडची सनद, म्हणजे वस्ती करायचा परवाना, अमेरिकेत वसाहती घालणाऱ्या व्हर्जिनिया कंपनीच्या हद्दीतली होती. उतरायचं होतं बरंच खाली, हडसन नदीच्या मुखाकडे. वाटेत उथळ पाणी आणि वादळी हवा आडवी आली आणि ते उत्तरेलाच थांबले. लगेच जहाजावर कुरबुर सुरू झाली: इथे कंपनीची हद्दच नाही, तर मग आमच्यावर हुकूम कुणाचा? तेव्हा जमिनीवर पाय ठेवण्याआधीच ४१ पुरुषांनी एका करारनाम्यावर सह्या केल्या, की आपण आपलं सरकार करू आणि आपले नियम आपणच ठरवू. नव्या जागेची सनद हातात पडली पुढच्या वर्षी, १६२१ मध्ये, न्यू इंग्लंड कौन्सिल नावाच्या दुसऱ्याच मंडळाकडून. आधी कब्जा, मग कागद. गुंठेवारीत घर बांधलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

पण ही जुनी आणि नवी, दोन्ही कागदपत्रं लंडनमध्ये इंग्रजांनी इंग्रजांना दिलेली होती. ज्यांची जमीन होती त्यांची सही त्यावर कुठेच नव्हती. शेजाऱ्याच्या वावराचा सातबारा आपल्याच चुलत्यानं आपल्या नावे लिहून द्यावा, तसा हा व्यवहार. ख्रिस्ती राजाच्या माणसांना जो प्रदेश ‘सापडेल’ त्यावर त्या राजाचा हक्क, हे तत्त्व तेव्हा युरोपात रूढ होतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १८२३ मध्ये ते आपल्या निकालातही घेतलं: मूलनिवाशांना जमिनीवर राहण्याचा हक्क आहे, पण ती हव्या त्याला विकण्याचा नाही.

त्या काळी सगळ्यांनाच हे बरोबर वाटत होतं, असं म्हणायची सोय नाही. रॉजर विल्यम्स नावाचा एक पाद्री मॅसॅच्युसेट्समध्ये उघडपणे सांगत होता, की जी जमीन राजाची नाही ती राजा देणार कशी? वसाहतीनं त्याला हाकलायचं ठरवलं, त्यात त्याच्या या बोलण्याचाही वाटा होता. १६३६ मध्ये तो नॅरागॅन्सेट या मूलनिवासी लोकांच्या मुलखात गेला, त्यांच्या सरदारांकडून जागा घेतली आणि तिथे प्रॉव्हिडन्स वसवलं.

इथे जाता जाता आपल्याशी असलेला एक धागा. १६०७ मध्ये जेम्सटाउन वसवणारी व्हर्जिनिया कंपनी आणि १६०० साली स्थापन झालेली ईस्ट इंडिया कंपनी, दोन्हींच्या कारभारात एकच माणूस वरच्या खुर्चीत होता: लंडनचा बडा व्यापारी सर थॉमस स्माइथ. मात्र सुरतेला वखार घालताना इंग्रजांना जहांगीरचं फर्मान मागावं लागलं. व्हर्जिनियात फर्मान मागण्याची गरज वाटली नाही. इंग्रज तेच, पेढीवरची माणसंही बरीचशी तीच. समोर केवढी ताकद उभी आहे यावर त्यांचं कायदेप्रेम ठरत होतं.

आता काकांच्या मुद्द्याकडे येते, की मूलनिवाशांनी सीमा राखली नाही. मेफ्लॉवरवाल्यांची वस्ती, प्लिमथ, जिथे वसली तिथे आधी वाम्पानोआग या मूलनिवासी लोकांचं पाटुक्सेट नावाचं गाव होतं. १६१६ ते १६१९ या काळात किनाऱ्यावर साथ आली आणि ते गाव ओस पडलं. युरोपीय मच्छीमार आणि व्यापारी तोवर कितीतरी वर्षं त्या किनाऱ्यावर ये-जा करत होते, त्यांच्याबरोबर आलेला हा रोग. याच गावातल्या टिस्क्वांटम नावाच्या माणसाला १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानानं पळवून स्पेनमध्ये विकायला नेलं होतं. तो कसाबसा इंग्लंडमार्गे परत आला, तर गावात कुणी उरलंच नव्हतं. म्हणून १६२१ च्या मार्चमध्ये दुसराच एक मूलनिवासी सरळ वस्तीत चालत आला आणि त्यानं इंग्रजीतून ‘वेलकम’ म्हटलं, याचं आश्चर्य इंग्रजांनाच वाटलं. मच्छीमारांकडून तो ती भाषा शिकला होता.

वाम्पानोआगांचा प्रमुख उसामेक्विन, ज्याला इतिहास मासासोइट या पदवीनं ओळखतो, तो भोळा नव्हता. त्याची माणसं साथीत गेली होती आणि पश्चिमेला साथीतून बऱ्यापैकी वाचलेले नॅरागॅन्सेट त्याच्यावर दाब आणत होते. इंग्रजांचीही पहिल्या हिवाळ्यात निम्मी माणसं मेली होती, पण त्यांच्याकडे बंदुका होत्या. तो चार महिने लांबून पाहत राहिला आणि मग तहाला आला. सीमा सताड उघडी टाकलेल्या माणसाची ही वागणूक नव्हे. ते हिशेबानं केलेलं राजकारण होतं, आणि तो तह जवळपास पन्नास वर्षं टिकला.

त्या तहातलं एक कलम मात्र नीट वाचायला हवं. त्याचा मथितार्थ असा: तुमच्या माणसानं आमच्या कुणाला इजा केली, तर त्याला आमच्या हवाली करा, शिक्षा आम्ही करू. उलट बाजूचं कलम, म्हणजे इंग्रजानं वाम्पानोआगाला मारलं तर त्याला तुमच्या हवाली करू, असं काही त्यात नाही. शिवाय आमच्याकडे येताना धनुष्यबाण मागे ठेवून या, हेही होतं.

ही माणसं येऊन चार महिने झाले होते. निम्मी मेली होती. उतरल्या उतरल्या त्यांनी दुसऱ्यांनी जमिनीत पुरून ठेवलेला मका उकरून खाल्ला होता (पुढे त्याची भरपाई केली, हेही खरं). अशा अवस्थेतले पाहुणे यजमानाला सांगतात, की इथून पुढे न्यायनिवाडा आमच्याकडे.

आज ह्यूस्टनमध्ये कागदपत्रांशिवाय राहून छपरांची कामं करणारा होंडुरासचा एखादा मजूर डोळ्यांसमोर आणा. तो तिथल्या शेरीफला सांगेल का, की तुमच्या कुणी माझ्याशी मारामारी केली तर त्याला माझ्या गावच्या पंचायतीपुढे उभं करा? मजुरी बुडाली तरी तो तक्रार करत नाही. गाडीचा मागचा दिवा गेला असेल तर त्याला रात्रभर झोप लागत नाही, कारण पोलिसानं थांबवलं की सगळंच संपलं. चित्राखालची ओळ फसते ती इथे. ‘परवानगी होती का’ एवढं विचारून भागत नाही. आल्यावर कुणाचा कायदा चालला, हे विचारावं लागतं. स्थलांतरित दुसऱ्याच्या कायद्याखाली राहायला येतो, चोरून आला तरी. वसाहत करणारा आपला कायदा बोचक्यात बांधून आणतो आणि यजमानालाही तो लागू करतो.

हे एका दिवसात घडलं नाही. जमिनीचंच पाहा. वाम्पानोआग जमीन ‘देत’ तेव्हा त्यांच्या मनात असे आपली वहिवाट: तुम्ही पेरा, आम्हीही इथे शिकार करू, मासे धरू. इंग्रज मात्र ते कायमचं खरेदीखत समजत. मग आली डुकरं. इंग्रज आपली डुकरं मोकळी सोडत. ती मूलनिवाशांच्या उघड्या मक्यात शिरत, ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर जाऊन त्यांच्या तोंडचे शिंपले उकरून खात. तक्रार केली की उत्तर मिळे, तुमच्या शेताला कुंपण घाला. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कुत्र्यापलीकडे पाळीव जनावरच ठेवलं नाही त्यांनी, दुसऱ्यांच्या डुकरांसाठी. आपल्याकडे गाव पेटायला एवढं पुरतं.

ठिणगी पडली ती त्या जुन्या कलमापाशीच. १६७५ मध्ये जॉन सासामन नावाच्या ख्रिस्ती झालेल्या मूलनिवाशाचं प्रेत गोठलेल्या तळ्यात सापडलं. मेलेला मूलनिवासी, आरोपी तिघं वाम्पानोआग, आणि खटला चालला प्लिमथच्या इंग्रजी कोर्टात. तिघांना मृत्युदंड दिला आणि युद्ध भडकलं. वाम्पानोआगांचं नेतृत्व मासासोइटच्या मुलाकडे, मेटाकॉमकडे होतं. १६७६ मध्ये तो मारला गेला. ज्या वस्तीला त्याच्या बापानं तगवलं, त्याच प्लिमथमध्ये त्याचं मुंडकं खांबावर लावलं गेलं आणि कित्येक वर्षं ते तिथेच होतं. त्याच्या माणसांपैकी शेकडो जण गुलाम म्हणून परदेशी विकले गेले.

तर मग अमेरिकेच्या इतिहासात गोरे बेकायदा स्थलांतरित झालेच नाहीत का? झाले, आणि अगदी शब्दशः. फक्त चित्र काढणाऱ्यांनी चुकीचा किनारा निवडला.

१७६३ मध्ये इंग्लंडच्या राजानंच जाहीरनामा काढला की ॲपलाचियन डोंगररांगेच्या पश्चिमेला कुणी वस्ती करायची नाही. लोक डोंगर ओलांडून जातच राहिले. खुद्द जॉर्ज वॉशिंग्टननं १७६७ मध्ये आपल्या ओळखीच्या जमीन-मोजणीदाराला खासगी पत्रातून कळवलं, की हा हुकूम म्हणजे मूलनिवाशांची समजूत काढण्यापुरती तात्पुरती सोय आहे, चांगल्या जमिनी आत्ताच हेरून ठेव. जमिनीचे व्यवहार करणारा कुठलाही मुरब्बी माणूस हे वाचून गालात हसेल.

त्याहून नेमकं उदाहरण टेक्ससचं. १८२१ मध्ये मेक्सिको स्वतंत्र झाला तेव्हा टेक्सस त्याचा विरळ वस्तीचा उत्तर भाग होता. मेक्सिकोनं अमेरिकनांना बोलावलं, स्वस्तात जमिनी दिल्या. अटी अशा की मेक्सिकोचे नागरिक व्हा, कॅथलिक व्हा, इथले कायदे पाळा. स्टीफन ऑस्टिननं कायदेशीर वसाहत उभी केली. पण अटी कागदावर राहिल्या. कापसाच्या शेतीसाठी लोक गुलाम घेऊन आले. गुलामगिरीवर बंधनं आली तशी पळवाट निघाली: गुलामाकडून ९९ वर्षांच्या मजुरीच्या करारावर अंगठा घ्यायचा आणि त्याला ‘कंत्राटी कामगार’ म्हणायचं. मेक्सिकन सरकारनं जनरल मिएर इ तेरानला पाहणीसाठी पाठवलं. त्यानं कळवलं, की हे लोक संख्येनं आपल्याला भारी पडले आहेत, वेळीच काही केलं नाही तर टेक्सस हातचा जाईल. ६ एप्रिल १८३० ला मेक्सिकोनं कायदा करून अमेरिकेतून येणाऱ्यांना बंदी घातली आणि नाक्यांवर सैनिक ठेवले. लोक तरीही सीमेवरची सबीन नदी ओलांडून येत राहिले. विनापरवाना, रात्रीबेरात्री, अमेरिकेतून मेक्सिकोत.

पुढचं बहुतेकांना माहीत असतं: १८३५-३६ मध्ये बंड, १८४५ मध्ये टेक्सस अमेरिकेत सामील, मग युद्ध, आणि १८४८ च्या तहात मेक्सिकोचा जवळजवळ निम्मा मुलूख गेला. कॅलिफोर्निया त्यातच आला. तिथली मेक्सिकन कुटुंबं आजही म्हणतात, आम्ही सीमा ओलांडली नाही, सीमेनंच आम्हाला ओलांडलं.

काका आता म्हणतील, बघ, आम्ही तेच सांगत होतो! थांबा. टेक्सस गेला तो निव्वळ लोक आले म्हणून नाही. त्या लोकांच्या पाठीशी शेजारचं मोठं राष्ट्र होतं, हातात बंदुका होत्या, जमिनीची मालकी होती आणि गुलामगिरी टिकवण्यात त्यांचा पैसा गुंतला होता. ग्वाटेमालाहून आलेल्या भांडी घासणाऱ्या बाईच्या मागे यातलं काय आहे? तिचं सरकार तिच्यामागे फौज पाठवत नाही. तिला परत नेणारं विमानही अमेरिकेचंच असतं.

आता या काळाकडे येऊ. अमेरिकेत ‘बेकायदा’ हा शब्द माणसांना चिकटला तो बराच उशिरा. सुरुवातीला नागरिकत्वावर अट होती: १७९० च्या कायद्यानं ते फक्त ‘स्वतंत्र गोऱ्या’ माणसालाच मिळे. पण यायला बंदी अशी नव्हतीच. १८७५ मध्ये मुख्यतः चिनी बायकांना रोखणारा कायदा आला, १८८२ मध्ये चिनी मजुरांवर बंदी आली, १९१७ मध्ये आपल्यासह आशियाचा मोठा पट्टा बंद झाला. युरोपातल्यांसाठी १९२१ पर्यंत संख्येची मर्यादाच नव्हती. त्यामुळे ‘आमचे आजोबा रीतसर आले होते’ असं एखादा अमेरिकन अभिमानानं सांगतो तेव्हा ते खोटं नसतं, पण त्या काळी गैररीत यायला जमणंही अवघडच होतं. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर डोळे तपासून घेतले, चार प्रश्नांची उत्तरं दिली की शंभरातले अठ्ठ्याण्णव आत.

चोरून सीमा ओलांडणं हा गुन्हा ठरला १९२९ मध्ये. आजच्या कायद्यात पहिल्या वेळेला शिक्षा जास्तीत जास्त सहा महिने. व्हिसा संपल्यावर राहून जाणं हा मात्र आजही फौजदारी गुन्हा नाही. त्याची शिक्षा म्हणजे देशाबाहेर काढणं. बातम्यांमध्ये दोन्हींना एकच शब्द वापरतात म्हणून हा फरक ध्यानात येत नाही.

मेक्सिकोचं प्रकरण तर आणखी गमतीचं. १९४२ ते १९६४ या काळात अमेरिकेनंच करार करून मेक्सिकन शेतमजूर आणले, सुमारे ४६ लाख करार झाले. १९६४ मध्ये योजना बंद झाली. १९६५ च्या कायद्यानं अमेरिका खंडातून येणाऱ्यांवर प्रथमच वर्षाला १ लाख २० हजारांची मर्यादा घातली. शेतं तीच, मुकादम तोच, टोमॅटो तोडणारे हातही तेच. बदलला फक्त शब्द.

मावसभावाला मी हेच सांगते. त्याची रांग खरी आहे आणि छळवादीही आहे, कारण कुठल्याही एका देशाला नोकरीच्या ग्रीन कार्डांतली साधारण ७ टक्क्यांहून जास्त मिळत नाहीत, मग तो देश भारत असो की आइसलँड. पण इंजिनिअरला उभं राहायला निदान रांग आहे. अकुशल कामगारांसाठी कायद्यात जगभराला मिळून वर्षाला जास्तीत जास्त १० हजार ग्रीन कार्डं आहेत, बायकामुलं धरून. बाकीच्यांना ‘रांगेत या’ म्हणायला रांगच नाही.

आणि ही ‘बाकीची’ माणसं आपल्यापासून फार लांब नाहीत. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकी लष्कराचं विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. बहुतेक जण गुजरात, हरयाणा आणि पंजाबचे होते, पण तिघं महाराष्ट्रातलेही होते. जानेवारी २०२२ मध्ये गुजरातच्या डिंगुचा गावचं चौघांचं कुटुंब कॅनडातून चालत सीमा ओलांडताना बर्फात गोठून गेलं. धाकटा मुलगा तीन वर्षांचा होता.

एकदा आत आलेल्यांना मागाहून नियमित करणं हेही अमेरिकेला नवं नाही. सरकारी जमिनीवर परस्पर घर बांधून बसलेल्यांना १८४१ च्या कायद्यानं १६० एकरांपर्यंत जमीन एकरी सव्वा डॉलरनं विकत घेण्याचा पहिला हक्क दिला. १९८६ मध्ये रेगन सरकारच्या काळात सुमारे २७ लाख लोकांना कागद मिळाले. पहिल्या वेळी दिलेली जमीन मूलनिवाशांकडून काढून घेतलेली होती. दुसऱ्या वेळी मिळालं ते उघडपणे काम करता येणं. मुंबईच्या झोपड्यांना असते तशी कट-ऑफ तारीखही अमेरिकेत आहे: अमुक तारखेआधीपासून इथे आहात हे दाखवा आणि अर्ज करा. आपली तारीख १९९५ वरून २००० वर आणि पुढे २०११ वर सरकली. त्यांची १ जानेवारी १९७२ वरच अडकली आहे.

दिलेला कागद परतही घेता येतो. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड या भारतीयाच्या नागरिकत्वाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं, की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थानं ‘गोरा’ नाही. थिंडचा वकील होता लॉस एंजेलिसचा सखाराम गणेश पंडित. तो स्वतः १९१४ पासून अमेरिकन नागरिक होता. निकाल लागताच सरकार आधीच नागरिक झालेल्या भारतीयांची नागरिकत्वं रद्द करत सुटलं आणि पंडितांच्याही मागे लागलं. पंडित स्वतःसाठी लढले आणि १९२६ मध्ये अपिलात जिंकले. बाकीच्या डझनावारी लोकांच्या हातून नागरिकत्व गेलं. त्यांनी कुठलीही सीमा चोरून ओलांडली नव्हती.

शेवटी १९२४ चा एक आठवडा. २६ मे रोजी युरोपातल्यांना कोटा ठरवून आशियाला दार बंद करणारा कायदा झाला. २८ मे रोजी सीमेवर गस्त घालणारं दल स्थापन झालं. आणि २ जूनला, मेफ्लॉवरनंतर ३०४ वर्षांनी, अमेरिकेतल्या सगळ्या मूलनिवाशांना अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं.

मासासोइटच्या लोकांचे वंशज, मॅशपी वाम्पानोआग, आजही केप कॉडवर राहतात. आपण ‘जमात’ आहोत हे वॉशिंग्टनमधल्या सरकारला पटवण्यासाठी त्यांनी १९७० च्या दशकात खटपट सुरू केली. जमिनीच्या एका दाव्यात १९७८ मध्ये बोस्टनच्या ज्यूरीनं सांगितलं, की तुम्ही सलग जमात म्हणून अस्तित्वात होता हे सिद्ध होत नाही. ते पुन्हा दप्तरं धुंडाळायला लागले: चर्चच्या नोंदी, जुने दस्त, कोण कुणाचा नातू. २००७ मध्ये सरकारी मान्यतेचा कागद त्यांच्या हातात पडला.